वाढत्या अंगाचा

मास्तरांनी पतंग उलटा केला आणि सगळ्यात आधी शिवण पाहिली. अंगठ्याच्या नखाने टाके ओढून बघितले, कड दुमडून आतली बाजू तपासली, मग कापड दोन्ही हातांनी ताणून कानाशी नेलं. कापड कुठे चरचरलं नाही, तेव्हा त्यांची मान हलली.

"शिवलाय बरा," ते म्हणाले. "दुहेरी शिवण आहे."

"मास्तर, उडवायचाय तो. घालायचा नाहीये," दुकानवाली हसत म्हणाली. उन्हाने तिच्या नाकाचं सालपट निघालं होतं. मास्तरांच्या गळ्यातल्या टेपवरून तिने त्यांचा धंदा केव्हाच ओळखला होता. कपडे शिवायचं दुकान बंद करून ते तसेच इकडे आले होते आणि टेप काढायची राहून गेली होती.

काउंटरवर दोन पतंग पसरले होते. एक लाल, लहान. एक निळा, त्याच्या जवळजवळ दुप्पट. मास्तरांच्या शेजारी खारू उभी होती. शाळेची वर्षं नुकतीच संपलेली, अंगाने काटकुळी. एका जागी बसणं माहीत नाही म्हणून आईने तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली आणि पुढे तिची नुसती खारू झाली. पण मास्तरांबरोबर असली की ती बँकेच्या रांगेत उभं राहावं तशी गप्प उभी राहायची.

"हे पॉवर काइट म्हणतात ते," दुकानवाली सांगू लागली. "आपण लहानपणी उडवतो तसला पतंग नव्हे. तो आपण ओढतो, हा आपल्याला ओढतो. शिकणाऱ्याने लहानच घ्यायचा. हिच्या वजनाला तर लहानच."

"लहान घेतला तर कमी पडेल उद्या," मास्तर म्हणाले. "वाढतं वय आहे तिचं."

"पतंग आखूड होत नाही हो!"

"हात बसला की होईल. मग परत नवा घ्या. त्यापेक्षा वाढत्या अंगाचाच घेऊ."

आता यावर काय बोलणार? माणसाने उभं आयुष्य शाळेचे गणवेश शिवण्यात घालवलेलं. कुठल्याही फ्रॉकच्या खाली दोन बोटं कापड दुमडून ठेवायचं आणि पँटच्या कमरेला आत माया सोडायची, हा मास्तरांचा धर्म होता. गावातल्या आया त्यासाठीच त्यांच्याकडे यायच्या. बेताचं माप म्हणजे आळशी माप, असं ते म्हणत.

"तुला कुठला आवडला गं?" दुकानवालीने खारूला विचारलं.

खारूने लाल पतंगाकडे पाहिलं. मग मास्तरांकडे.

"तुम्ही म्हणाल तो, काका."

निळा घेतला.

तर हे असं होतं. खारू आईला तू म्हणायची, आत्याला तू म्हणायची, ती लहान असताना वारलेल्या वडिलांच्या फोटोलाही तूच म्हणायची. मांजराला अर्थातच तू. सगळ्या घरात तुम्ही म्हणजे एकटे मास्तर. तिच्या आईशी त्यांचं लग्न झालं त्या दिवशी ती "काका, तुम्ही दमला असाल," म्हणाली होती, आणि तेव्हापासून त्या तुम्हीत तसूभर फरक पडला नव्हता. उद्धट शब्द नाही, रुसवा नाही, आपटलेलं दार नाही. मास्तरांना वाटायचं, एकदा तरी आपट बाई दार.

आणि आता आत्या येणार होती. आत्याच्या शहरात मोठं कॉलेज होतं, तिच्या घरात रिकामी खोली होती. खारूने तिच्याबरोबर जायचं की इथेच राहून शिकायचं, ते आत्या आली की ठरणार होतं. मास्तरांना ती राहायला हवी होती. इतकी हवी होती, की त्या विचाराने त्यांच्या कातरीखालची रेघ वाकडी जायला लागली होती. ती गेली असती तर आपल्यामुळे गेली, असंच त्यांना वाटत राहिलं असतं.

"तुम्ही तिला विचारू नका हं," खारूची आई त्यांना म्हणाली होती. ती इस्पितळात नर्स होती आणि माणसांना न दुखवता खरं काढून घेण्यात मुरलेली होती. "तुम्ही विचारलंत की ती तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी सांगेल. मग खरं काय ते मला कळायचं कसं?"

म्हणून मास्तरांनी विचारलं नाही. खारू एकदा किनाऱ्यावर पतंगवाल्यांना बघत उभी राहिली होती, तेवढं त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

पहिला धडा द्यायला दुकानवाली स्वतः आली. ओहोटीची सकाळ होती, वाळू घट्ट आणि वारा मऊ. तिने खारूला वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं.

"घड्याळ डोळ्यांसमोर आण. डोक्यावर बारा, एका हाताला नऊ, दुसऱ्या हाताला तीन. पतंग या कडांना ठेवलास तर गुणी बाळ. सरळ समोर, मध्यावर आणलास तर बैल. कळलं?"

"कळलं."

"आणि आता मुख्य. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, हे विसरायचं नाही. घाबरलीस, पडलीस, काहीही झालं, की हातातली ही दांडी सोडायची. सोडलीस की दांडी या मधल्या दोरीवरून घसरत लांब जाते, पतंगाच्या पोटातली हवा निघते आणि तो जीव टाकतो. मनगटाला पट्टा आहे, तो फक्त पतंग पळून जाऊ नये म्हणून. आपण धरून ठेवायला बघतो. हात ऐकत नाहीत. म्हणून सराव करायचा."

मग तिने सराव करून घेतला. पतंग वर असताना मध्येच ओरडायची, "सोड!" आणि खारू दांडी सोडायची. निळा पतंग फसकन खाली यायचा. मास्तर लांबून बघत होते. लहानपणी त्यांनीही पतंग उडवले होते; तिथे दोरा हातातून सोडणारा तो बावळट ठरायचा. इथे नेमकं उलटं. त्यांना ते पटत नव्हतं, पण पोर हसत होती. दात दिसतील असं, खरंखुरं हसत होती. घरात ती तोंड मिटून हसायची.

एकदाच गडबड झाली. मनगटाच्या पट्ट्यापासून निघून दांडीतून मधल्या दोरीकडे जाणारी एक पट्टी सैल लोंबत असे. खारू मागे मागे सरकत असताना तिचा पाय त्या पट्टीत अडकला आणि ती बदकन पडली. गुडघा खरचटला.

"लागलं का गं?" मास्तर धावले.

"काही नाही, काका. तुम्ही बसा."

मास्तर बसले. पण ती लोंबणारी पट्टी त्यांच्या डोक्यात बसली.

लोंबतं कापड त्यांना सहनच होत नसे. संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी दांडी मशीनशेजारच्या टेबलावर ठेवली, ती सैल पट्टी नीट घडी घालून दांडीच्या कापडी वेष्टनावर बसवली आणि दप्तरं शिवायच्या मेणाच्या दोऱ्याने चार टाके घातले. हातशिलाईचे, पक्के. वर गाठ अशी लपवली, की शोधून सापडू नये. आता पायात काही येणार नव्हतं. त्यांनी ओढून बघितलं आणि त्यांना फार बरं वाटलं. आपल्या हाताचं काहीतरी त्या पतंगात गेलं, असं काहीसं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात?

आत्या येण्याच्या आदल्या दिवशी खारूची आई ड्यूटीवर होती. दोघंच किनाऱ्यावर गेली.

वारा त्या दिवशी निराळा होता. वाळूचा पातळ थर घोट्याच्या उंचीवरून सळसळत पळत होता आणि बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याने टोपी मांडीखाली दाबून ठेवली होती. पतंगवाल्यांपैकी एकच जण आलेला होता, आणि तोही आपलं सामान गुंडाळत होता. वारा वाहत होता त्या दिशेला, किनारा संपतो तिथे, दगडी बंधारा होता.

खारूने बॅग खाली ठेवली, पण उघडली नाही.

"काका, वारा जास्त वाटतोय का हो तुम्हाला?"

मास्तरांनाही वाटत होता. पण उद्या आत्या येणार. आज परत जायचं म्हणजे घरी जाऊन समोरासमोर बसायचं, चहाचे कप विसळायचे, आणि तो तुम्ही-तुम्हीचा खेळ पुन्हा सुरू. एकदा तिला हसताना बघायचं होतं त्यांना. बस.

"थोडा वेळ उडव," ते म्हणाले. "जास्त वाटला तर सोडून द्यायचा. शिकलीयस ना?"

"तुम्ही म्हणता तर."

इथे तिची आई असती तर "अगं आई, डोळे आहेत का तुला, वारा बघ!" असं म्हणून ही पोर उलट्या पावली घरी निघाली असती. पण काकांना असं म्हणतात का कुणी?

मास्तरांनी पतंग वाळूवर उलगडला, कडेवर ओंजळ ओंजळ वाळू टाकली. खारूने मनगटाचं बक्कल आवळलं, दांडी उचलली, आणि एक पाऊल मागे टाकलं.

पतंग उठला नाही, सुटला. निळं कापड धाडकन फुगलं आणि थेट मध्यावरून वर गेलं. खारूचे दोन्ही पाय वाळू ओरबाडत पुढे घसरले. तिने कसंबसं डावीकडे वळवलं. पतंग कडेला गेला, क्षणभर शहाणा झाला, आणि लगेच गिरकी घेऊन पुन्हा मध्यावर आला.

"सोड!" मास्तर ओरडले.

तिने सोडली. मास्तरांनी डोळ्यांनी बघितलं, दोन्ही हात उघडे, बोटं पसरलेली. दुकानवालीने शिकवलं होतं तसंच, अगदी वेळेवर. पण दांडी लांब गेली नाही. ती मनगटाशीच राहिली आणि तिने त्या हाताला असा हिसका दिला, की पोर तोंडावर आपटली आणि वाळूवरून फरफटत निघाली.

"सोड, खारू! सोड दांडी!"

"सोडलीय!" ती किंचाळली. "सोडलीय हो काका!"

तेव्हा मास्तरांना कळलं. दांडीला अडवून ठेवलं होतं ते त्यांच्याच चार टाक्यांनी. ते धावले. गुडघेदुखीवाला, दिवसभर बसून काम करणारा माणूस, पण असा धावला, की टोपीवाला म्हातारा उठून उभा राहिला. पतंग जमिनीवर आपटत होता, पुन्हा फुगत होता, आणि दर वेळी खारू हातभर, दोन हात पुढे ओढली जात होती. बंधाऱ्याचे दगड आता वेगळे वेगळे दिसायला लागले होते.

मास्तरांनी तिच्यावर अंग टाकलं. दोघांच्या वजनाने ओढ कमी झाली, थांबली नाही. त्यांनी बक्कल धरलं, पण ते इतकं ताणलेलं, की हलेना. तिचा तळवा जांभळा पडत चालला होता. कातरी नव्हती. खिशात काही नव्हतं. मग त्यांनी आपली गाठ शोधली. घडीच्या आत, डाव्या टोकाला. दुसऱ्या कुणाला ती शोधून सापडली नसती. त्यांनी तोंड खाली घातलं आणि दात लावले.

मेणाचा दोरा काही सहज तुटत नाही. वाळू दातांत करकरली, पट्टीच्या काठाने ओठ फाटला. पतंग गिरकीच्या टोकाला पोचला, दोऱ्या जराशा सैल पडल्या, तेवढ्यात त्यांनी मान झटकली. एक टाका. पुन्हा. मग उरलेले आपसूक उसवत गेले आणि दांडी त्यांच्या गालाला घासून सुसाट निघून गेली.

निळा पतंग हवेतच चुरगळला आणि बंधाऱ्याच्या अलीकडे वाळूत पडला.

बराच वेळ दोघंही उठली नाहीत. मग खारू उठून बसली. एका गालाची साल निघाली होती, केसांत वाळू भरली होती. तिने बक्कल काढलं, मनगट चोळलं, आणि पट्टी डोळ्यांजवळ नेली. काळ्या दोऱ्याची तुटकी टोकं अजून तिच्यात अडकलेली होती.

"हे कुणी शिवलं?"

"मी."

"का?"

"तू अडखळलीस ना त्या दिवशी. लोंबत होती." मास्तरांनी त्या पट्टीकडे बोट केलं. "मला वाटलं, पायात यायला नको."

खारू बघत राहिली. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला आणि मास्तर हुंदक्याची वाट बघू लागले. पण हुंदका आला नाही.

"वेडा आहेस का तू?" ती ओरडली. "डोकं आहे का तुला? ती मुद्दाम सैल असते! सैल आहे म्हणून तर माणूस वाचतो! मरत होते मी आत्ता! सगळं सगळं तू शिवून टाकणार? आणि हा एवढा मोठा कशाला घेतलास? ती बाई सांगत होती लहान घ्या, लहान घ्या, तर म्हणे वाढत्या अंगाचा! मला लाल हवा होता!"

"मग म्हणाली का नाहीस?"

"तुला कसं म्हणणार!"

तिने मूठभर वाळू उचलून त्यांच्या अंगावर फेकली. सगळीच्या सगळी छातीवर बसली. टोपीवाला म्हातारा दोन पावलं पुढे आला होता, तो तिथूनच मागे वळला. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या खाली कुठेतरी त्यांना इतकं बरं वाटत होतं, की त्याचीही त्यांना लाज वाटली. तू म्हणाली होती ती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, अगदी आईला म्हणावं तशी.

खारूचा श्वास हळूहळू जागेवर आला. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"तुमच्या ओठातून रक्त येतंय," ती म्हणाली. बॅगेतून पाण्याची बाटली काढून तिने पुढे केली. "सॉरी, काका. मी काय वाट्टेल ते बोलले तुम्हाला."

"नाही, नाही. बरोबर बोललीस."

त्यांनी चूळ भरली. पाणी तांबडं पडलं. मग दोघं पतंगाच्या दोऱ्या गुंडाळायला लागली, ती एका टोकाने, हे दुसऱ्या टोकाने.

"एक सांगायचं होतं तुम्हाला," खारू दोऱ्यांकडे बघतच म्हणाली. "मी आत्याकडे जायचं ठरवलंय. आजच्यामुळे नाही हं. आधीच ठरलं होतं माझं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नव्हते सांगत."

मास्तरांच्या हातातली दोरी थांबली आणि पुन्हा चालू लागली.

"कॉलेज चांगलं आहे तिथलं," ते म्हणाले.

"हो."

"मोकळं मैदानही असेलच तिकडे." त्यांनी पतंग घडी घालायला घेतला. घडी काही जमेना. आयुष्यात पहिल्यांदाच कापड त्यांच्या हाताला वश होत नव्हतं. "पतंग घेऊन जा बरोबर. ती पट्टी तेवढी मी परत बसवून देतो. या वेळी टाका जरा सैल घालतो."

हे ते खरंच बोलले की मुद्दाम, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

खारूने दोऱ्या खाली टाकल्या.

"तू परत सुई लावून तर बघ त्याला!" तिने पतंग त्यांच्या हातातून ओढून घेतला. "हात लावायचा नाहीस तू! आण इकडे. घडीसुद्धा धड घालता येत नाही, आणि म्हणे टेलरमास्तर."

तिने गुडघ्याने दाबून हवा काढली, पतंग गुंडाळला, बॅगेत कोंबला. चेन लागेना, मास्तरांनी दोन्ही बाजू धरून ठेवल्या आणि तिने ओढली. बॅग तिने खांद्यावर टाकली, मग दुखऱ्या हाताची आठवण होऊन काढून त्यांच्याकडे दिली. दोघं रस्त्याकडे चालू लागली. वारा पाठीला ढकलत होता.

रस्ता आला तशी ती थांबली आणि बुटांतली वाळू काढायच्या निमित्ताने खाली वाकली.

"आईला तू सांगशील?" ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मी जातेय ते. मला नाही जमणार."

मास्तरांनी ओठाला रुमाल लावला, आणि तो बराच वेळ तिथेच धरून ठेवला.

"सांगतो," ते म्हणाले.